मन्मथअप्पांची घाटाची सायकल

मन्मथअप्पा सपाट रस्त्यावर सायकल चालवायला लागले की वडवणीतली पोरं हसायची. मला त्या पोरांचा कधी राग आला नाही, कारण हसू मलाही यायचं. अप्पांचे पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखे भराभर फिरत आणि सायकल मात्र जागची हलते की नाही अशी शंका यावी. धोतराचा सोगा खोचलेला, डोक्यावर टोपी, पाठ ताठ, कपाळावर भस्माचे तीन रुंद पट्टे आणि खाली पायांची ही धांदल. एखादा बैलगाडीवाला मागून यायचा, बाजूने पुढे निघायचा आणि जाता जाता विचारायचा, "अप्पा, दळण घिऊन चाललाव का दळत चाललाव?"

"दळत," अप्पा म्हणायचे आणि पाय फिरवत राहायचे.

ही सायकल त्यांनी मुद्दाम अशी करून घेतली होती. का, ते सांगायचं तर त्यांच्या लेकीचं सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला अजूनही जड जातं.

मी तेव्हा नवा मास्तर होतो. नेमणूक खडकवाडीला, म्हणजे वडवणीहून घाट चढून गेलं की डोंगरावर जी वाडी लागते तिथे. वाडीत मास्तराला राहण्याजोगी खोली नव्हती, म्हणून मी खाली वडवणीत अप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत राहायचो. वडवणी अजून तालुक्याचं गाव झालेलं नव्हतं, पण वारं बदललं होतं. चौकात एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, घरांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि शाम्पू बाटलीतून निघून पाऊचमध्ये शिरला होता. इतर दुकानांच्या दारात त्या पाऊचच्या माळा लोंबायच्या. अप्पांनी त्या आत, गुळाच्या ढेपांमागे टांगल्या होत्या. "हालत्यात वो सारख्या. काट्यावरचं ध्यान उडतं," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकाला त्या दिसायच्याच नाहीत, त्यामुळे त्या तिथेच पिवळ्या पडल्या.

घाई हा प्रकार अप्पांना ठाऊक नव्हता. पुडा बांधायचा तर दोऱ्याचे वेढे, मग गाठ, मग दोरा करंगळीला गुंडाळून तोडायचा. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर झुंबड उडाली तरी यातलं काही चुकायचं नाही. कुणी वैतागलंच तर "दमानं" एवढंच म्हणायचे. सकाळी लिंगपूजा झाली की भस्म लावायचं आणि ते वाळेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, कारण बोललं की कपाळ हलतं आणि पट्टे मोडतात. एकदा खोलीत विंचू निघाला म्हणून मी नेमका त्याच वेळी ओरडत बाहेर आलो, तर 'थांबा' अशी हाताने खूण करून ते भस्म वाळवत बसले. तेवढ्यात विंचू कुठेतरी निघून गेला. पुढे बरेच दिवस मी चपला झटकून घालत होतो आणि अप्पांवर मनातून चिडत होतो.

बायको फार पूर्वी गेलेली. एकुलती एक लेक गौरा. तिला खडकवाडीत दिली होती आणि तिचं घर माझ्या शाळेच्या बरोबर समोर होतं. सोमवारी अप्पांचं दुकान बंद असायचं. त्या दिवशी सकाळीच ते सायकलच्या कॅरिअरला गूळ, शेंगदाणे, खोबरं असं काहीबाही बांधून लेकीकडे निघायचे.

शाळेच्या ओसरीवरून मी त्यांना पहिल्यांदा वर येताना पाहिलं, ते चित्र काही चांगलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस, सायकल हाताने रेटत आणलेली, तोंड उघडं, छातीचा भाता झालेला. कपाळावरचं भस्म घामाने विरघळून भुवयांत उतरलेलं. गौरा दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता, आणि तो ती पुढे करत नव्हती. बाप ओट्यावर बसला, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "बरी हायीस का?" तिने मान हलवली आणि तांब्या तसाच आत घेऊन गेली.

लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही, ही रीत आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. आता ती बहुतेकांनी सोडली, आणि सोडली ते बरंच केलं. अप्पांच्या वडिलांनी पाळलेली रीत त्याहून कडक होती. लेकीच्या गावाच्या शिवेतलंच पाणी वर्ज्य. घाटाच्या पायथ्याशी एक हापसा होता. तिथे अप्पा पोटभर पाणी प्यायचे, वर जायचे, लेकीच्या ओट्यावर बसायचे, गप्पा मारायचे आणि उतरून हापशावर येईपर्यंत थेंब तोंडात घ्यायचे नाहीत. गौराच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

तिच्या सासूबाई, नीलाबाई, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगल्या. त्या म्हणायच्या, "व्याही, आमच्या पाण्यात काय इख कालवलंय का वो?" एकदा अप्पांनी घरून बाटली भरून आणली आणि ओट्यावर बसून आपलं पाणी आपण प्यायले. त्या दिवशी नीलाबाई खरोखर दुखावल्या. दारात बसून माणूस बरोबर आणलेलं पाणी पितो म्हणजे शेजारपाजाऱ्यांनी काय समजायचं? बाटली पुन्हा वर आली नाही.

शेवटी गौराच म्हणाली. मी ओसरीत हजेरी घेत होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"अप्पा, तुमी येत जाऊ नका."

"कावून?"

"तुमचं कपाळ बघवत न्हाई मला. तुमी तान्हेले बसताव आन मी भरला माठ घेऊन घरात बसती. सोमवार आला की मला जेवन जात न्हाई."

अप्पा उठले आणि उतारावरून निघून गेले. पुढे काही दिवस दुकानात त्यांचं 'दमानं'सुद्धा ऐकू आलं नाही.

रीत मोडणं त्यांच्या डोक्यात आलंच नसावं. मी एकदा धीर करून तसं सुचवलं, तर लहान मुलाने भलतंच काही मागितल्यासारखं माझ्याकडे पाहून ते तूरडाळ निवडायला लागले. त्यांनी विचार केला तो दुसऱ्याच बाजूने. पाणी चालत नसेल तर तहान लागता कामा नये. घाम आला नाही, दम लागला नाही, तर भस्म कोरडं राहील. आणि भस्म कोरडं असलं तर लेकीला त्रास होणार नाही.

कोठीत गौराची लहानपणची सायकल आढ्याला टांगलेली होती. त्या काळी गावात मुलीला सायकल घेऊन दिली म्हणून लोकांनी अप्पांना नावं ठेवली होती. ती पोर त्या सायकलीवर देवळाचा चढ न उतरता चढायची आणि अप्पा मागून आपली सायकल ढकलत यायचे. हे त्यांना आठवलं. त्यांनी ती सायकल खाली काढली, धूळ पुसली आणि पायडलजवळची दात्यांची चकती, म्हणजे चेनव्हील, बराच वेळ बघत बसले. ती त्यांच्या सायकलच्या चकतीपेक्षा लहान होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही सायकली घेऊन ते चौकातल्या रशीदभाईच्या दुकानात गेले.

रशीदभाई म्हणाला, "क्या अप्पा, बच्ची की सायकल का माल बडी सायकल कू? लोगां हसतीं!"

"हासू द्या. बसतंय का बगा."

बसलं, पण कसं? त्या चकतीला पायडलचा दांडा जोडूनच होता, आणि तो मुलांच्या मापाचा, आखूड. दुसऱ्या बाजूला अप्पांचा मूळचा लांब दांडा. त्यामुळे एक पाय मोठा घेर घ्यायचा आणि दुसरा छोटा. अप्पा सीटवर बसल्या बसल्या लंगडत बाजारातून गेले. त्या दिवशी हसून हसून माझं पोट दुखलं. अप्पांनी संध्याकाळी शांतपणे सांगितलं, "गुर्जी, ढुंगनाला झोके बसतेत. पर चढ सोपा झालाय." म्हणजे मूळ कल्पना बरोबर होती. मग रशीदभाईने लहान चकती कापून अप्पांच्या लांब दांड्याला वेल्डिंग करून बसवली. मागच्या चाकाला माल वाहायच्या तीनचाकीचं मोठं, जास्त दात्यांचं फ्रीव्हील लावलं. साखळी कमी-जास्त करताना दोघांची भांडणं झाली आणि दोघांनी मिळून चहाही घेतला. आता पायडलचा एक फेरा मारला की सायकल जेमतेम हातभर सरकल्यासारखी वाटायची, पण पायाला जोर असा लागायचाच नाही.

पहिल्या सोमवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर घाट चढलो. ते सायकलवर, मी पायी, आणि दोघांचा वेग एकच. खरं तर मीच मधून मधून पुढे जात होतो. अप्पांनी मला आधीच बजावलं होतं, "मला बोलत ठिवा. बोलणं तुटलं की समजायचं दम लागला. मंग मी आनखी दमानं घेतो." म्हणून सगळा घाटभर आम्ही बोललो. तूरडाळीचे प्रकार, त्यांच्या बायकोच्या हातची शेंगाची पोळी, नव्या टीव्हीवरच्या बायका इतक्या का रडतात, असं काहीही. शेवटच्या वळणावर एक शेळी आम्हाला मागे टाकून गेली. वर पोचलो तेव्हा मी वाकून गुडघ्यांवर हात टेकले होते आणि अप्पा नाकाने श्वास घेत होते.

गौरा दारात आली. तिने बापाच्या कपाळाकडे पाहिलं. तिन्ही पट्टे सकाळी ओढले तसेच होते. तिचा विश्वास बसेना. पुढे होऊन तिने एका पट्ट्यावर बोट टेकवलं, तर बोटाला कोरडी राख लागली. ती राख तिने आपल्या कपाळाला लावली आणि खळखळून हसली. मग म्हणाली, "अप्पा, माजी सायकल मोडलीव व्हय तुमी?"

"मोडली न्हाई. तुज्याच सायकलवर आलोय," अप्पा म्हणाले.

तेव्हापासून सोमवार तिला आवडायला लागला. पुढची दोनेक वर्षं मी त्या ओट्यावरचा हा बापलेकीचा सोहळा शाळेच्या ओसरीवरून बघत होतो. त्यात बापाला पाणी पाजायचे तिचे खटाटोपही चालू असायचे. एकदा वाडीतल्या टपरीवर पहिल्यांदाच थंड्याच्या बाटल्या आल्या. गौराने एक आणली, झाकण न उघडता बापापुढे ठेवली आणि म्हणाली, "हे काय माज्या घरचं पाणी न्हाई. कंपनीचं हाय. मुंबईहून आलंय. ह्याला कशाची शीव?"

अप्पांनी बाटली हातात घेऊन फिरवली, आतले बुडबुडे पाहिले. मुद्दा बिनतोड होता. पण त्यांनीही सोडलं नाही. "तुज्या हातातनं माज्या हातात आली का न्हाई? मंग ती तुज्याच घरची झाली." ती बाटली शेवटी मला मिळाली. नीलाबाई आतून ओरडल्या, "मास्तरला पाजा, त्याची कुठं लेक हाय हितं!"

जावयाने मोटारसायकल घेतली तेव्हा त्याने सांगून पाहिलं, की मी खाली येऊन घेऊन जात जाईन. तेही अप्पांना जमलं नाही. पोत्यासारखं कुणी आणून टाकलं तर वर येण्यात काय राहिलं, असं काहीसं ते पुटपुटले.

आणि मग गौराला दिवस गेले.

ही बातमी अप्पांनी मला वेगळ्याच तऱ्हेने दिली. एका सकाळी भस्म वाळायच्या आतच त्यांनी मला हाक मारली. मी चकित होऊन बाहेर आलो, तर त्यांच्या हातात नवाकोरा पितळी तांब्या. "गुर्जी, वर चाललाव तर हे गौराला द्या. म्हनावं, घासून ठिव. ह्यातनंच पेनार हाय." बोलताना पट्टे मोडून कपाळावर सुरकुत्या पडल्या होत्या आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मी तांब्या नेऊन दिला. गौराने तो चिंच लावून घासला आणि माठावर पालथा घातला.

पाचव्या-सहाव्या महिन्यात तिला कावीळ झाली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. झाडपाल्याचं औषध झालं, पथ्य झालं. त्या सोमवारी अप्पा आले तेव्हा ती ओट्यावर येऊ शकली नाही, म्हणून ते आत तिच्या अंथरुणापाशी बसले. शाळा सुटल्यावर मीही चौकशीला गेलो होतो. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ती हळूच म्हणाली, "अप्पा, आज पेता का पाणी? नीलाआत्या देतीन. मी निसती बगती."

अप्पांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आता थोडंच राह्यलंय गं. बाळाच्या हातानं पाजशील की. इतकी वर्सं काढली, आता कावून घाई?"

ती हसल्यासारखी झाली आणि तिने डोळे मिटले. उद्या तिला बीडला न्यायचं ठरलं होतं.

तो उद्या तिला मिळाला नाही. सकाळी मी वर पोचलो तेव्हा घरापुढे माणसं जमलेली होती. खाली निरोप द्यायला जीपवाला गेला. मेल्याचा निरोप आपल्याकडे सरळ कुणी देत नाही. "गौराक्काला जरा जास्त हाय, या," एवढंच सांगून तो माजलगावचं भाडं घेऊन पुढे गेला. गावात दुसरी गाडी शोधायला माणसं धावली, पण अप्पा तोवर सायकलवर बसून निघालेही होते.

पुढचं मला वडवणीतल्या लोकांनी सांगितलं. अप्पा जिवाच्या आकांताने पाय मारत होते. पाय दिसत नव्हते इतके जोरात. आणि सायकल तशीच, मुंगीच्या पावलांनी. बैलगाडीसुद्धा मागे पडेना. त्या दिवशी हसलं मात्र कुणीच नाही. घाट लागला तेव्हा त्यांनी सायकलवरून उडी मारली आणि तिला धरून पळत चढ चढला. सायकल टाकून पळायचं होतं, पण तेही त्यांना सुचलं नाही.

वर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर भस्माचा कणही नव्हता. ओठ फुटले होते. ते दारापाशी थांबले आणि जिथे ती नेहमी उभी असायची त्या जागेकडे बघत राहिले. मग जवळ मी दिसलो म्हणून मला म्हणाले,

"गुर्जी, लई हळू चालती वो ही."

मी त्यांना धरून सांगितलं, की अप्पा, तुम्ही मोटारीने आला असता तरी गाठ पडली नसती, निरोप निघाला तेव्हाच सगळं संपलं होतं. खरं तेच होतं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. नीलाबाईंनी तोच पितळी तांब्या भरून आणला, पण पाणी त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. दुपारनंतर त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे गौराला बसवून माती दिली. अप्पांनी तिच्या कपाळाला भस्म लावलं, आणि लावल्यावर ते वाळेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं.

काही दिवसांनी एका सकाळी मी त्यांच्याबरोबर रशीदभाईकडे गेलो. त्यांना एकटं सोडायला मन होत नव्हतं. अप्पा म्हणाले, "जुनं चेनव्हील लावा. मोठं. फ्रीव्हीलबी पैलंच लावा."

रशीदभाईला वाटलं, आता वर कुठे जायचं आहे म्हणून काढतायत. तो डोळे पुसत म्हणाला, "अच्छा है अप्पा. अब घाट कायकू चढना."

"चढायचा हाय की," अप्पा म्हणाले. "दर सोमवारी."

"तो फिर मुश्किल होती ना! पसीना छूटता, गला सुकता..."

"सुकू द्या. तहान लागली पायजे."

दु:खाने माणसाचं डोकं फिरतं, तसं काही झालं असेल असं मला वाटलं. गौराच्या सायकलची लहान चकती त्यांनी तेल लावून पुसली, दुकानात नेली आणि काट्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

सोमवारी मी ओसरीत उभा होतो. अप्पा सायकल ढकलत आले. धापा टाकत, भस्म भुवयांत उतरलेलं, अगदी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तसे. ओट्यावर बसले आणि नीलाबाईंना म्हणाले, "विहीनबाई, पाणी द्या."

नीलाबाई दारातच थबकल्या. "आता चालतंय व्हय, अप्पा?"

"लेकीचं घर कुठं राह्यलं आता," अप्पा म्हणाले.

नीलाबाईंनी पितळी तांब्या आणून दिला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. मग आणखी मागितला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं आणि ते पीत होते. नीलाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मी पोरांना उगाचच मोठ्याने पाढे म्हणायला लावले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी चौसाळ्याकडे बदली झाली. शाळेतली माझी पुस्तकं घेऊन खडकवाडीहून शेवटचा उतरलो तो सोमवार होता. ऊन रणरणत होतं. घाटाच्या पायथ्याशी जीप वळली तेव्हा हापशाजवळ अप्पा दिसले. सायकल हाताने धरलेली, श्वास आधीच चढलेला. पाणी भरणाऱ्या एका बाईने कळशी कलती करून त्यांना विचारलं. जीपच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत, पण अप्पांनी हाताने 'नको' केलेलं मला दिसलं. मी बाहेर डोकं काढून हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, टोपीला हात लावला. मग हापशाकडे पाठ केली आणि सायकल रेटत चढाला लागले.